सर, आधी वर्गात जाऊन केबल लावून बघा : शिकवताना टेक्नॉलॉजी वापरताय तर या चुका टाळा

मी मुळात केमिस्ट्रीचा माणूस. पण कधीतरी एका प्रिन्सिपॉलांनी "तुम्हाला कॉम्प्युटरचं बरं कळतं की ओ" म्हटलं, आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या बाजूच्या कॉलेजांतून प्राध्यापकांना ट्रेनिंग द्यायचं काम जे गळ्यात पडलं ते पडलंच. आता इतकी वर्षं झाली की हॉलमध्ये शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न कुठला येणार ते मला ठाऊक असतं. "सर, कुठलं ॲप चांगलं?" अहो, आजाराचं नाव न सांगता मेडिकलवाल्याला कुठली गोळी चांगली म्हणून विचारल्यासारखं आहे हे. विचारणाऱ्याला पंधरा मिनिटांत सगळं यायला हवं असतं, आणि चारची बस पण गाठायची असते.

असो. त्याच त्याच चुका बघून कंटाळा आलाय म्हणून लिहितोय. यातल्या निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक : घरी चाललं म्हणजे वर्गात चालणार

ही गोष्ट माझीच आहे. आमच्याकडचे वर्ग कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. एका बाकावर मराठी हायस्कूलमधून आलेली खानापूरची मुलगी, तिच्या शेजारी हुक्केरीकडची कन्नड मीडियमची, मागे कॅम्पातल्या इंग्लिश मीडियमची दोन पोरं, आणि पुस्तक सगळ्यांना इंग्रजी. तर मी म्हटलं आपण रेडॉक्सच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीच्या रिॲक्शनच्या, स्लाइड तीन भाषांत करू. ऑक्सिडेशनला मराठीत ऑक्सिडीकरण आणि कन्नडमध्ये उत्कर्षण, रिडक्शनला मराठीत क्षपण आणि कन्नडमध्ये अपकर्षण. (उत्कर्षण ऐकून मराठी पोरांना कुणाचा तरी उत्कर्ष झाला असं वाटतं, झालेला असतो इलेक्ट्रॉनचा तोटा, पण ते जाऊ दे.) चार रात्री जागून बसलो, कन्नड नुडी फॉन्टमध्ये टाइप केलं, मराठी श्रीलिपी फॉन्टमध्ये, घरच्या कॉम्प्युटरवर एकदम लग्नपत्रिकेसारखं दिसत होतं. पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी थेट दुसऱ्या एका कॉलेजात लेक्चरला गेलो, तिथले लोकही पाठीमागे येऊन बसलेले.

पहिली स्लाइड लागली आणि पडद्यावर नुसता कचरा. डोक्यावर तिरकी रेघ मारलेले इंग्रजी ए, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच काहीतरी जर्मन अक्षर. पाठीमागून एकजण म्हणाला, "सर, इद याव फॉर्म्युला री?" (हा कुठला फॉर्म्युला हो?) अख्खा वर्ग हसला, मीही हसलो, पण कान गरम झाले होते. त्या दिवशी खडू घेऊन शिकवलं आणि खरं सांगायचं तर बरं शिकवलं.

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण आजही दर ट्रेनिंगला कुणाचं ना कुणाचं हेच होतं. जुन्या पद्धतीच्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुम्ही कन्नड किंवा मराठी लिहिलेलंच नसतं. फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, आणि तो फॉन्ट त्यांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे दाखवतो. फॉन्ट नसलेल्या मशिनवर गेलात की मुखवटा उतरतो. "कन्नड" हा शब्दच जुन्या नुडीत टाइप करून फॉन्ट बदलून बघा, सुरुवातीलाच पी, तो रेघवाला ए आणि पौंड दिसेल. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे विंडोजबरोबर येणारा निर्मला फॉन्ट असला तरी काम भागतं. म्हणून आता काहीही टाइप करायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या नोट्स कन्व्हर्टरमधून काढल्या तर जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासा, रफार आणि कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) हमखास इकडे तिकडे पळालेले असतात. आणि काहीही असो, सोबत त्याच स्लाइडची पीडीएफ ठेवा. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जाईल, जाऊ दे, कुणाचं काय अडत नाही.

फॉन्टचं झालं की केबल. नवीन लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, वर टांगलेला प्रोजेक्टर जुना, त्याची वायर भिंतीतून आलेली ती व्हीजीए, मग कन्व्हर्टर शोधत अटेंडर ऑफिसात पळतो आणि तोवर पोरं मोबाइलात. कन्व्हर्टर मिळालाच तर व्हिडिओला आवाज नाही, कारण व्हीजीएमधून आवाज जातच नाही, तो वेगळ्या वायरने न्यावा लागतो. चित्र येत नसेल तर विंडोजचं बटण धरून पी दाबा, त्यात डुप्लिकेट निवडा. एक्स्टेंडवर, म्हणजे दोन पडद्यांवर वेगवेगळं, राहिलं की काय होतं ते सांगतो. एका ज्येष्ठ सरांचा प्रेझेंटर व्ह्यू (फक्त बोलणाऱ्याला दिसायचा, नोट्स असलेला पडदा) चुकून मोठ्या पडद्यावर गेला आणि खालच्या नोट्समध्ये त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं "इथे हसून मुलींच्या बाजूला पण बघणे" हे सगळ्या हॉलने वाचलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, दोन्ही बाजूंना लक्ष द्यावं एवढाच, पण ते आता कुणाला समजावणार?

माझी सवय साधी आहे. आदल्या संध्याकाळी त्या खोलीत जायचं, नाहीच जमलं तर वीस मिनिटं आधी. केबल लावायची, एक स्लाइड लावायची आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. तिथून वाचता आलं नाही तर अक्षर लहान आहे, संपला विषय. खिडकीचं ऊन पडद्यावर येतं का तेही तिथूनच कळतं. बॅगेत स्वतःचा कन्व्हर्टर, स्वतःचा एक्स्टेन्शन बॉक्स, छोटा स्पीकर, पेनड्राइव्ह आणि दोन खडू. लोक हसतात, म्हणतात सर संसार घेऊन फिरतात. फिरतो. खानापूरकडे जुलैत पाऊस लागला की लाइट जाते-येते, आणि दिव्याचा प्रोजेक्टर एकदा झटक्यात बंद पडला की लाइट आल्या आल्या पेटत नाही, आधी थंड व्हायला वेळ घेतो. तेवढा वेळ खडूच तारतो.

दुसरी, जिच्यावर मी भांडतो : विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं

मध्ये एका कॉलेजात एका तरुण लेक्चररचा डेमो बघितला. पोरगं हुशार, उत्साही. मोबाइलवर क्विझ ठेवली होती. साठेक पोरं, त्यातल्या बऱ्याच जणांचा डेटा संपलेला, काहींना रेंज नाही, मागच्या बाकावर एका फोनवर तिघं. लॉगिन करण्यात दहा-बारा मिनिटं गेली. मग एकदाचा प्रश्न आला, रंगीत ग्राफ हलायला लागला, निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर चुकलेलं. आणि साहेब काय म्हणाले? "व्हेरी गुड, करेक्ट आन्सर इज बी," आणि पुढची स्लाइड. अरे! निम्मा वर्ग चुकलाय हे समजायलाच तर एवढी धडपड केली ना? तोच तर तासातला सोन्याचा क्षण होता आणि तो पाच सेकंदांत उडवला.

घाई ही सगळ्यांचीच आहे, मी धरून. मेरी बड रो नावाच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन बाई होत्या, त्यांनी वर्गांची रेकॉर्डिंगं ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. तीन सेकंद! करून बघा, उभ्या माणसाला तो वेळ एखाद्या शोकसभेएवढा वाटतो. मी मनात "बेळगाव, पिरनवाडी, खानापूर, लोंढा" म्हणतो, लोंढ्याला पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

आणि ॲपच पाहिजे असं कुठाय? हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात पीअर इन्स्ट्रक्शन नावाने जी पद्धत रुजवली तिचा गाभा इतकाच : प्रश्न द्या, प्रत्येकाला एकट्याने मत द्यायला लावा, मग शेजाऱ्याशी वाद घालू द्या, मग परत मत घ्या. हे साध्या कार्डांवरही होतं. मी खडे बाजारातून चार रंगांचे कार्डशीट आणून कापले, ए बी सी डी, सेमिस्टरभर तेच चालतात, चार्जिंग लागत नाही.

परवाचाच तास सांगतो. कॉपर सल्फेटच्या निळ्या पाण्यात झिंकची पट्टी, निळा रंग फिका होतो, पट्टीवर तपकिरी थर चढतो. प्रश्न : ऑक्सिडेशन कुणाचं? निम्म्या वर्गाने डी दाखवलं, "ऑक्सिजन नाही म्हणून कुणाचंच नाही". मी काहीच बोललो नाही, म्हटलं शेजाऱ्याशी बोला, पाहिजे त्या भाषेत बोला. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला सांगत होती, "अगं झिंकनं दोन इलेक्ट्रॉन कोट्टबिट्टतु (देऊन टाकले), मग ज्यानं दिलं तेच ऑक्सिडाइज झालं की नाही?" अर्धं मराठी अर्धं कन्नड, व्याकरणाच्या नावानं बोंब, आणि केमिस्ट्री शंभर टक्के बरोबर. परत कार्डं वर करायला सांगितली तर वर्ग जवळजवळ एका रंगाचा. माझ्या तीन भाषांतल्या स्लाइडने जे केलं नाही ते त्या पोरीने दीड मिनिटात केलं. आणि आमच्यातले काहीजण अजून "नो टॉकिंग, ओन्ली इंग्लिश" म्हणून डस्टर आपटतात.

किरकोळ, पण रोजच्या

ड्राइव्हची लिंक ग्रुपवर टाकली आणि परमिशन द्यायला विसरलात की रात्री अकराला पन्नास जणांच्या ॲक्सेस रिक्वेस्ट मेलवर येतात. टाकायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा.

गूगल मीटच्या फुकट अकाउंटवर तीन किंवा जास्त माणसं असली की साठ मिनिटांनी कॉल बंद. निरोपाचं भाषण पंचावन्नाव्या मिनिटाला सुरू करू नका.

स्मार्टबोर्डवर पर्मनंट मार्कर. याच्यावर मी काही बोलणार नाही. मार्कर आधी कागदावर ओढून बघा आणि कव्हर वाचा.

फोनची स्क्रीन दाखवताय तर नोटिफिकेशन बंद करा. "येताना कोथिंबीर" इथपर्यंत ठीक आहे.

स्लाइड वाचून दाखवू नका. पोरांना वाचता येतं. पॉवरपॉइंट चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, परत बी दाबलं की येतो, आणि काळा पडदा असताना वर्ग तुमच्याकडे बघतो.

सर्टिफिकेटवाल्यांसाठी

१९८६ च्या शिक्षण धोरणानंतर यूजीसीने प्राध्यापकांच्या ट्रेनिंगसाठी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, पुढे त्यांची ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटरं झाली, २०२३ पासून मालवीय मिशन आलं. पाट्या बदलल्या, आपण तेच. कॅमेरा बंद, एका कानात इअरफोन, दुसऱ्या हाताने भाकरी, आणि शेवटी फीडबॅक फॉर्म भरून सर्टिफिकेट डाउनलोड. प्रमोशनसाठी लागतं, मला मान्य आहे, मीही अशीच काही गोळा केलीत. पण तेरा टूल्स दाखवणारं ट्रेनिंग करून आलेला माणूस सोमवारी एकही वापरत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता माझ्या सेशनमध्ये एकच गोष्ट शिकवतो आणि लोक नाराज होतात. "एवढंच का ओ सर?" एवढंच. एका सेमिस्टरला एक. त्याच आठवड्यात एका वर्गावर करून बघायची, आणि डिपार्टमेंटमधल्या एखाद्या तोंडफटकळ माणसाला मागे बसवायचं. माझ्या मागे बॉटनीच्या मॅडम बसतात, पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही सगळा तास लॅपटॉपशी बोललात." आठ दिवस राग होता मला. मग लॅपटॉप टेबलाच्या कडेला सरकवला.

काल रात्री निपाणीकडच्या एका गेस्ट लेक्चररचा फोन आला. आज दहाला त्याचा डेमो होता. म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं म्हणून संध्याकाळी केबल लावून बघायला गेलो, तर स्मार्ट क्लासला कुलूप. चावी अटेंडरकडं, आणि अटेंडर यल्लम्माला गेलाय सौंदत्तीला." म्हटलं, बरं झालं काल कळलं. खडू कुठल्या कपाटात असतात ते विचारून ठेव.