‘पर्यंत’चं इंग्रजी: बाय की अन्टिल?
‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’. मराठीत दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’ पुरतो, इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द लागतात. पहिल्यात ‘बाय’, दुसऱ्यात ‘अन्टिल’.

एकदाच उरकायच्या कामाची मुदत सांगायची तर ‘बाय’: ‘सेंड द फॉर्म बाय फ्रायडे’. बुधवारी पाठवला तरी चालतो. काम किंवा स्थिती त्या वेळेपर्यंत सलग टिकणार असेल तर ‘अन्टिल’: ‘द शॉप इज ओपन अन्टिल नाइन’.

अडलात तर मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा पाचला ये’ हे कानाला पटतं, म्हणून ‘बाय’. ‘उशिरात उशिरा पाचला थांब’ पटत नाही, म्हणून ‘अन्टिल’. मला ही कसोटी व्याकरणाच्या व्याख्येपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

नकारात विशेष जपा. ‘आय वोन्ट बी होम अन्टिल एट’ म्हणजे आठपर्यंत मी घरी नसेन, त्यानंतर भेटेन.

आणि ‘पर्यंत’ जागेचा असेल तर दोन्ही शब्द सोडा. स्टेशनपर्यंत चालत गेलो: ‘आय वॉक्ड टू द स्टेशन’. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘टिल द स्टेशन’ प्रमाण इंग्रजीत खटकतं.