राजपत्रात नावबदलाची सूचना कशी द्यावी

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची सूचना देण्यासाठी दलालाची गरज नाही. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी, नमुना भरावा, पुरावे जोडावेत आणि शुल्क भरावे. प्रतिज्ञापत्र जोडायचे असल्यास त्यासाठी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये, कारण शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ पासूनच माफ केले आहे.

खरी अडचण 'जुने नाव' या एका रकान्यात आहे. या सूचनांसोबत राजपत्रात स्पष्ट छापलेले असते की, मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासनाची नाही, कारण तो कागदपत्रांची पडताळणी न करता केवळ अर्जावरून प्रसिद्ध होतो. म्हणजे आपण लिहिलेली चूक कोणी दुरुस्त करणार नाही. ती तशीच छापून येईल.

पहिला अर्ज मी बहिणीसाठी भरला आणि तिचे जुने नाव आधार कार्डावरून जसेच्या तसे उतरवले. आधारवर वडिलांचे नाव 'दत्तात्रेय' होते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'दत्तात्रय'. राजपत्र घेऊन ती दाखला दुरुस्त करायला गेली, तेव्हा या एका मात्रेवरून तिला परत पाठवण्यात आले, आणि नवा अर्ज व नवे शुल्क भरण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. 'आधारप्रमाणे लिहा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला तेव्हापासून सहन होत नाही.

जुने नाव नेहमी ज्या कागदावरचे नाव बदलून घ्यायचे आहे, त्या कागदावरून घ्यावे. दाखला, गुणपत्रिका, जन्मदाखला आणि पॅन कार्ड शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकावरचे नाव दोन्ही लिप्यांत एकाखाली एक लिहावे, म्हणजे वेलांटी, मात्रा आणि रोमन अक्षरांतला फरक लगेच दिसतो. लग्नानंतरच्या बदलात माहेरचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, द्यावे. संगणकाने आपोआप केलेल्या लिप्यंतरावर विसंबू नये. अर्ज पाठवण्यापूर्वी मूळ कागद दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहावे.

सूचना प्रसिद्ध झाल्यावर तिची पीडीएफ प्रत उतरवून घ्यावी. राजपत्रामुळे इतर कागदांवरचे नाव आपोआप बदलत नाही. प्रत्येक कार्यालयात ही प्रत जोडून वेगळा अर्ज करावा लागतो.