बकऱ्याच्या चरबीचा केसांसाठी बाम: घरी कसा करायचा आणि नागपूरच्या उन्हात कसा वापरायचा

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत रोज ॲक्टिवावर जाणं-येणं असलं की केसांच्या टोकांचं काय होतं ते नागपूरच्या बायकांना वेगळं सांगायला नको. स्कार्फ कितीही घट्ट बांधा, वेणीचं खालचं टोक बाहेरच राहतं आणि पंधरा दिवसांत हाताला वाळल्या गवतासारखं लागतं. माझे केस कुरळे, जाड, लांब, त्यामुळे त्रास जरा जास्तच. गेली चार वर्षं मी बकऱ्याची चरबी कढवून घरीच बाम करते आणि मैत्रिणी, चुलत बहिणी, ऑफिसमधल्या दोघीतिघी सारख्या विचारून राहिल्या की कसं करतेस, वास कसा येत नाही, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढते.

वासाचंच आधी सांगते कारण सगळे तिथेच अडतात. वास येतो, पण चरबी नीट साफ केली नाही तरच. बाम बनवायला अर्धा तासही लागत नाही, खरं काम आहे चरबी कढवायचं आणि धुवायचं, त्यात घाई केली की पुढे कितीही अत्तर टाका, डोक्याला मटणाचा वास येणारच. पहिल्या वेळेस मी मोठ्या आचेवर वीस मिनिटांत उरकलं होतं, चरबी तपकिरी झाली, घरात तीन दिवस जळका वास राहिला आणि सासूबाईंनी सांगून टाकलं की यापुढे हे स्वयंपाकघरात नाही, मागच्या अंगणात कर आणि गंजही (म्हणजे पातेलं) वेगळा ठेव. ते बरोबरच होतं, आजही माझा त्यासाठी वेगळा गंज, वेगळी गाळणी आहे, आणि श्रावणात मी हे करतच नाही.

आमची आजी हिवाळ्यात हीच चरबी टाचांच्या भेगांना लावायची, पितळेच्या डबीत असायची तिची. केसांना लावायची नाही. पण जगात केसांना चरबी लावणं काही नवीन नाही, नामिबियातल्या हिंबा बायका लोणी आणि लाल गेरूसारखी माती कालवून केसांना आणि अंगाला लावतात, आणि इजिप्तच्या जुन्या ममींचे केस तपासले तेव्हा त्यावरही चरबीचा लेप सापडला, २०११ मध्ये छापून आलं होतं ते. इंटरनेटवर टॅलो, म्हणजे कढवलेली चरबी, म्हणून जे दिसतं ते बाहेरच्या देशांत बहुतेक गायीबैलाचं असतं, आपल्या महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे आपल्यासाठी बकराच, आणि केसांना तो व्यवस्थित चालतो.

आता चरबी कुठली घ्यायची. पाठीवरची, मांडीवरची नको, गुर्द्याभोवतीची मागा. ती सगळ्यात कडक आणि स्वच्छ असते, मांसाचे धागे कमी. मटणवाल्याशी माझं बोलणं दर वेळेस असंच होतं.

"भाऊ, गुर्द्याजवळची चरबी पाहिजे, अर्धा किलो."

"सूप करता का ताई?"

"नाही, मलम करायचंय."

"मंग उद्या सकाळी सातला या, आजची सगळी खिम्यात गेली."

आणि आणखी एक विचारायचं, खस्सी, म्हणजे खच्ची केलेल्या बकऱ्याची आहे का. वयात आलेल्या बोकडाला जो उग्र वास असतो तो त्याच्या चरबीतल्याच काही आम्लांचा असतो, खस्सी केलेल्यात तो खूप कमी. हा एक प्रश्न विचारला की पुढचं अर्धं काम वाचतं.

घरी आणली की अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाली की कापायला सोपी जाते. ताजी चरबी हातात घेतली की पांढरी, कोरडी, दाबली तर भुगा होणारी लागते आणि वरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो, तो सोलून काढा. कुठे लाल मांस, रक्ताचा ठिपका दिसला तर चाकूने उडवा, जळका वास त्याचाच येतो. मग चण्याएवढे तुकडे करा, मिक्सरला लावलं तरी चालेल पण भांडं धुताना जीव जातो, मी हातानेच कापते.

जाड बुडाच्या गंजात तुकडे आणि एक कप पाणी टाकून सगळ्यात बारीक आचेवर ठेवा. पाणी यासाठी की सुरुवातीला चरबी सुटलेली नसते, कोरडे तुकडे बुडाला लागतात, पाणी असलं की तोवर जळत नाही, नंतर ते उडून जातं. झाकण ठेवू नका. दीडदोन तास लागतात, मधून मधून लाकडी चमच्याने हलवायचं. हळूहळू तुकडे आकसतात, वर पिवळसर पारदर्शक तेल येतं, तडतड कमी होते. तुकडे फिक्कट सोनेरी झाले की बंद, लाल होऊ द्यायचे नाहीत. थोडं निवलं की मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा, पिळू नका, पिळलं की बारीक चोथा खाली येतो. माझ्याकडे अर्ध्या किलोतून तीनशे-साडेतीनशे ग्रॅम निघते.

हे करताना गॅस सोडून जायचं नाही, फोन आला तरी नाही. आणि कधी चरबीने पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकू नका, गॅस बंद करून वर झाकण दाबा, जळत्या चरबीवर पाणी पडलं की भडका उडतो. लेकरं जवळपास नकोत.

आता धुणं, जे बहुतेक लोक करतच नाहीत. गाळलेली चरबी परत गंजात, त्यात एक लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ, दहापंधरा मिनिटं उकळू द्या, मग झाकून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वर पांढरी थाळीसारखी वडी जमलेली असते आणि खाली गढूळ पाणी. वडी उचलून उलटी करा, तळाला तपकिरी मऊ थर दिसेल, तो सुरीने खरवडून टाका, वासाचं मूळ तेच. पाणी फेकताना सिंकमध्ये ओतू नका, उरलीसुरली चरबी पाइपात जाऊन गोठते. पुन्हा नवं पाणी, नवं मीठ, पुन्हा तेच. मी तीनदा करते, तिसऱ्या वेळेस मिठाशिवाय. पहिल्या दिवशीची वडी आणि तिसऱ्या दिवशीची वडी शेजारी ठेवून नाकाशी धरा, फरक लगेच कळतो, तिसरीला जवळपास वासच नसतो आणि रंग मेणबत्तीसारखा पांढरा. शेवटी ती बारीक आचेवर वितळवून बुडबुडे आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत ठेवा, म्हणजे पाणी उरत नाही. पाणी राहिलं तर आठवड्यात बुरशी येते.

बामचं प्रमाण नागपुरात ऋतूप्रमाणे बदलावं लागतं. ही चरबी साधारण पंचेचाळीस डिग्रीच्या पुढेमागे वितळते, खोबरेल पंचविसालाच पातळ होतं, म्हणून उन्हाळ्यात खोबरेलाचे बाम इथे टिकत नाहीत आणि हा टिकतो. पण नुसती चरबी केसांवर घासली तर मेणाचा गोळा फिरवल्यासारखं वाटतं, तेल हवंच. उन्हाळ्यात शंभर ग्रॅम चरबीला तीस ग्रॅम तीळ तेल आणि पाच ग्रॅम मधाच्या पोळ्याचं मेण, हिवाळ्यात मेण काढून टाका आणि तेल साठ-सत्तर ग्रॅम करा नाहीतर डबीत बोट शिरत नाही. जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं पण ते यात नको, लवकर खवट होतं. व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल फोडून टाकल्या तर खवटपणा लांबतो.

पाण्यावर भांडं ठेवून सगळं एकत्र वितळवा, मेण आधी टाका कारण त्याला साठच्या वर उष्णता लागते. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत घोटत राहा, रवीने किंवा हँड ब्लेंडरने. आपोआप हळूहळू थंड होऊ दिलं की ही चरबी रवाळ होते, पटकन थंड केली आणि घोटली की लोण्यासारखी. रवाळ झालीच तर फेकू नका, पुन्हा वितळवून पुन्हा घोटा.

वासासाठी नागपूरच्या इतवारी बाजारात खसाचं अत्तर मिळतं, दोन थेंब पुरतात. पण मला स्वतःला यात सगळ्यात आवडतं ते मोगऱ्याचं काम. फ्रान्समधल्या ग्रास गावात अत्तरवाले पूर्वी चरबीवर फुलं ठेवूनच वास काढायचे, कारण मोगरा-जाईसारखी फुलं तोडल्यावरही वास सोडत राहतात आणि चरबी तो धरून ठेवते. मी बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फूल मार्केटमधून संध्याकाळी टपोऱ्या कळ्या आणते, त्यावर पाणी मारलेलं असतं म्हणून कापडावर तासभर पसरून कोरड्या करते. स्टीलच्या ताटात बोटाच्या पेराएवढा बामचा थर, त्यावर कळ्या देठ वर करून हलक्या टेकवायच्या, वरून दुसरं ताट पालथं, आणि कूलरपासून दूर, घरातल्या गार कोपऱ्यात. रात्रीतून कळ्या उमलतात, सकाळी झाकण काढलं की पूर्ण खोलीत मोगरा. संध्याकाळी जुनी फुलं चिमट्याने काढा, पाकळी चिकटून राहू देऊ नका, नव्या कळ्या ठेवा, असं सात-आठ दिवस. एप्रिल-मेमध्ये मोगरा भरपूर आणि स्वस्त असतो तेव्हाच करा. तो वास खूप हलका असतो, दुसऱ्याला लांबून येत नाही, पण वेणी पुढे घेतली की स्वतःला येतो.

लावायचं कसं. केस धुतल्यावर टॉवेलने टिपा, ओलसर असतानाच वाटाण्याएवढा बाम तळहातावर घ्या आणि दोन्ही हातांनी चोळत राहा, पूर्ण वितळून तळवे नुसते चमकले पाहिजेत, पांढरा कण दिसला तर अजून चोळा. मग केसांच्या अर्ध्यापासून खाली, टोकांना जास्त. मुळांना आणि टाळूला लावायचं नाही, टाळू स्वतःचं तेल बनवते, ते लांब केसांच्या टोकापर्यंत पोचत नाही एवढंच. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, ऊन, धूळ आणि घासण्याने ते उचकटतात, चरबी त्यांच्यावर पातळ थर धरते, केस एकमेकांत कमी अडकतात आणि ओलावा लवकर उडत नाही. एवढंच काम आहे तिचं. केस वाढत नाहीत, फाटलेलं टोक जुळत नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, फाटलेलं टोक कापावंच लागतं. मला फायदा झाला तो गुंता कमी झाल्याचा, आधी कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, आता चारदोन येतात.

बारीक, सरळ केसांना वाटाणासुद्धा जास्त होतो, त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढा घ्या किंवा धुण्याआधी तासभर टोकांना लावून मग धुऊन टाका. आणि हा लावून स्ट्रेटनर फिरवू नका, गरम चरबी केसालाही भाजते आणि मानेलाही.

काढताना गार पाणी घेतलं की चरबी केसावर गोठते आणि मग लोक म्हणतात निघतच नाही. कोमट पाणी घ्या आणि आधी शाम्पू, मग पाणी, म्हणजे शाम्पू थोड्या पाण्यात कालवून चरबीच्या जागी चोळा आणि मग केस ओले करा. नुसत्या शिकेकाईने निघायला दोनदा धुवावं लागतं. बोअरच्या पाण्याने साबणाची वडी लावू नका, जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा थर केसावर बसतो आणि दोष बामला जातो. पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी असेल तर त्याने धुवा.

कोंडा असेल तर हे टाळूच्या आसपासही नको. कोंड्यामागे मलासेझिया नावाची बुरशी असते आणि तिचं खाणंच चरबी आहे. कपाळावर पुटकुळ्या येत असतील त्यांनी पुढच्या बटांना लावू नका. आणि पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, लाल झालं किंवा खाजलं तर सोडून द्या.

डबी काचेची, पूर्ण वाळलेली, आणि बोट कोरडं घालायचं, किंवा छोटा चमचा ठेवा. मी महिन्यापुरता बाहेर ठेवते, बाकी फ्रीजमध्ये. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला की टाकून द्यायचं, तो खवटपणा अत्तराने झाकत बसू नका. उशीला जुनी खोळ घाला, आणि घरात मांजर असेल तर डबी उघडी राहू देऊ नका.

कोणाला द्यायचा असेल तर आधी स्पष्ट सांगा की यात बकऱ्याची चरबी आहे. न सांगता दिलेलं चालत नाही, इथे कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत. माझी एक जैन मैत्रीण इतवारीत राहते, तिला मेणही चालत नाही, तिच्यासाठी मी साठ ग्रॅम घरच्या तुपात चाळीस ग्रॅम मुठेल वितळवते, म्हणजे कोकणातून येणारं ते कोकमाचं घट्ट तेल, तसंच बर्फावर घोटते आणि मोगऱ्यावर ठेवते. तूप एकटं आपल्या मे महिन्यात पाणी होतं, मुठेल त्याला धरून ठेवतं, तरी नवतपात ती डबी फ्रीजमध्येच ठेवावी लागते.