रंग विटतो, कापड विरतं: उन्हापासून कपडा कसा राखावा

आमच्या पडवीला पश्चिमेकडून ऊन येतं. तिथं निळ्या-केशरी पट्ट्यांचा सुती पडदा होता. काही वर्षांनी धुवायला काढला, तर केशरी पट्टे ओळीनं फाटत गेले आणि निळे धड राहिले. केशरी रंग मात्र जवळजवळ नव्यासारखा होता!

म्हणजे विटणं वेगळं आणि विरणं वेगळं. उन्हानं रंगाचा रेणू मोडला की रंग विटतो. धाग्याचा रेणू मोडला की कापड विरतं. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. व्हॅट जातीचे (पाण्यात न विरघळणारे, धाग्यात मुरवून पक्के केलेले) काही पिवळे-केशरी रंग प्रकाश शोषतात, स्वतः टिकून राहतात, पण ती ऊर्जा हवेतल्या ऑक्सिजनला देतात किंवा सेल्युलोजमधला हायड्रोजन ओढून घेतात. साखळ्या मधूनच तुटतात. ओल असेल तर तिथं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं आणि नासाडी वाढते. निळीत (इंडिगोत) हा दुर्गुण सहसा नसतो. हळदीचं उलटं आहे, ती दोन-चार उन्हांतच उडून जाते.

दुकानदार ‘पक्का रंग’ म्हणतो तो बहुधा धुण्यापुरता. उन्हाची परीक्षा आपणच घ्यायची, आणि त्यासाठी आमच्या मे महिन्यासारखी प्रयोगशाळा नाही. पारा ४५च्या पुढं जातो.

शिलाईत दुमडलेली जास्तीची वीतभर पट्टी कापून घ्या. अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा बांधा. पट्टी बाजेवर ठेवा, टिनावर नको. टिन तापतं, मग ऊन कोणतं आणि आच कोणती ते कळत नाही. १५-२० दिवसांनी पुठ्ठा सोडा. आधी रंग पाहा. मग दोन्ही भागांतले पाच-पाच धागे उसवून काढा. एकेका धाग्याला प्लॅस्टिकची हलकी रिकामी बाटली टांगा आणि चहाच्या चमच्यानं (५ मिली) पाणी घालत जा. धागा तुटेपर्यंत किती चमचे लागले ते लिहून ठेवा. धाग्याची लांबी दर वेळी सारखीच घ्या. पाचांची सरासरी काढा, कारण एखादा धागा मुळातच पोचट निघतो. रंग तसाच पण उघड्या बाजूचे धागे बऱ्याच कमी पाण्यात तुटले, तर ते कापड खिडकीसाठी नाही. खिडकीला काच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काच अतिनील किरणांचा थोडाच भाग अडवते.

आता वाळवणं. मी लहानपणी दोरीवर कपडे दिवसभर सोडून खेळायला जायची. आजी ओरडायची, ‘‘कपडा हाय तो पोरी, पापड नाही!’’ बरोबर होतं तिचं. उन्हाळ्यात आमच्याकडं सुती कपडा सावलीतही तासाभरात खडखडीत होतो. पावसाळ्यात ऊन लागतंच. तेव्हा कपडा उलटा करून टाका आणि वाळला की लगेच काढा.

कोशाला, म्हणजे टसर रेशमाला, मात्र ऊन दाखवूच नका. नैसर्गिक धाग्यांत रेशमाइतका उन्हाला हळवा दुसरा नाही. भंडाऱ्याकडच्या करवतकाठी साडीत अंग कोशाचं आणि किनार सुती असते. उन्हात दोघं सारखे झिजत नाहीत, आधी अंग जातं. अशी साडी पांढऱ्या, धुतलेल्या, मऊ धोतरात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, त्या कागदात आम्ल असतं. वर्षातून दोनदा घडी बदला.

काही काळ्या रंगांची गोष्ट न्यारी, ते अंधारातही कापड खातात. सल्फर (गंधक) जातीच्या काळ्या रंगातून पेटीतल्या उष्ण, दमट हवेत हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. काळा सुती कपडा बरेच दिवस ठेवायचा असेल तर धुऊन, शेवटच्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ठेवा. रेशमाला हा सोडा चालत नाही. लोखंड आणि हिरड्याच्या काळ्या रंगातही लोह धाग्याला पोखरतं. त्यावर घरी उपाय नाही. ओल आणि ऊन टाळणं एवढंच हाती.

आणि विरलेल्या जागी रफू करू नका. रफूचा नवा धागा जुन्याला ओढतो आणि भोक मोठं होतं. मागून मऊ सुती तुकडा लावा, टाके सैल घाला, आणि ते विरलेल्या जागेच्या दोन बोटं बाहेर, धड कापडात घ्या.