फॅक्टर ८ चा आकडा पटत नाहीये? मशिनआधी ट्यूब तपासा: या चुका टाळा

हिमोफिलियावरच्या अभ्यासात एखाद्या रुग्णाचा फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं एक प्रथिन) अचानक निम्म्यावर येतो, दुसऱ्याचा एपीटीटी (प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) काही कारण नसताना १५ सेकंदांनी लांबतो. मग रिएजंटचा, म्हणजे चाचणीच्या रसायनाचा, लॉट बदलून बघतात, कॅलिब्रेशन पुन्हा करतात. घोळ मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो: रक्त काढताना, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवताना किंवा प्लाझ्मा गोठवताना. अशा नमुन्याला मागून काही इलाज नसतो, आणि औषध दिल्यानंतर ठरलेल्या तासाला घेतलेला नमुना परत मिळवणं तर अशक्यच.

ट्यूब भरताना

निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. प्रमाण नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट, म्हणजे २.७ मिलि रक्ताला ०.३ मिलि. ट्यूब खुणेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरली तर सायट्रेट जास्तीचं उरतं, चाचणीत घातलेलं कॅल्शियम तेच ओढून घेतं आणि गोठायला उगाच वेळ लागतो. बटरफ्लाय सुई वापरली की हे हमखास होतं, कारण तिच्या लांब नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये शिरते. म्हणून आधी एक ट्यूब फेकण्यासाठी लावा. ती निळीच असावी किंवा आत काहीही नसलेली.

हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ५५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ट्यूब पूर्ण भरूनही एपीटीटी लांबतो, कारण त्या रक्तात प्लाझ्माच कमी असतो. सायट्रेट कमी करावं लागतं: सायट्रेट (मिलि) = ०.००१८५ × (१०० − हिमॅटोक्रिट) × रक्त (मिलि). हिमॅटोक्रिट ६० असेल, तर २.७ मिलि रक्ताला ०.२ मिलि पुरतं, म्हणजे ट्यूबमधलं ०.१ मिलि काढून टाकायचं. टोपण उघडलं की निर्वात जातो, तेव्हा रक्त सिरिंजने काढून मोजूनच घाला.

जांभळ्या ट्यूबमधलं रक्त निळीत ओतणं हा सगळ्यात फसवा प्रकार. तिच्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारा पोटॅशियमचा क्षार) फॅक्टर ५ आणि ८ दोन्ही कमी दिसतात, मिक्सिंग चाचणीत निरोगी प्लाझ्मा मिसळूनही सुधारणा होत नाही, आणि रुग्णाला इनहिबिटर (फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं) असल्याचा शिक्का बसतो. शंका आली तर त्याच प्लाझ्मातलं पोटॅशियम मोजा. आकडा बेसुमार वर गेलेला दिसला की चोर सापडला.

सेंट्रल लाइनमधून नमुना घेताना ५ मिलि सलाइनने लाइन धुवा आणि पहिलं ५ मिलि रक्त टाकून द्या. फॅक्टर ज्या लाइनमधून दिला, त्याच लाइनमधून फार्माकोकायनेटिक नमुना (औषधाची रक्तातली पातळी वेळोवेळी मोजण्यासाठीचा) घेऊ नका. दुसरा हात वापरा आणि फॉर्मवर प्रोटोकॉलमधली वेळ उतरवू नका, सुई टोचली तेव्हा घड्याळात दिसलेली वेळ लिहा.

बर्फ, वेग आणि डीप फ्रीझर

ट्यूब तीन ते सहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, हलवून फेस काढू नका. मग ती साध्या खोलीच्या तापमानाला, १८ ते २५ अंशांत ठेवा. 'जपून' पाठवायची म्हणून बर्फात ठेवलेल्या रक्तात फॅक्टर ७ सक्रिय होतो, फॉन विलेब्रँड फॅक्टर (फॅक्टर ८ ला रक्तात टिकवून धरणारं प्रथिन) आणि फॅक्टर ८ घटतात. धडधाकट माणसाला फॉन विलेब्रँड आजार 'होतो' तो असा. एपीटीटी आणि फॅक्टर ८ साठी चार तासांची मुदत धरा. रुग्ण साध्या हेपारिनवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) असेल तर तासाभरात फिरवून घ्या.

प्रोटोकॉलमध्ये १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर), १५ मिनिटं असं लिहिलेलं असतं आणि टेबलावरचं सेंट्रिफ्यूज आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतं. जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. १६ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १६०० जी. १० सेंमीच्या रोटरवर तेच ३००० जेमतेम १००० जी भरतात. बहुकेंद्री अभ्यासात एकाच केंद्राचे आकडे वेगळे पडतात, तेव्हा आधी रोटर मोजा. ब्रेक बंद ठेवा. प्लाझ्मा काढताना पेशींच्या थरालगतचा प्लाझ्मा तसाच सोडा, दुसऱ्या प्लास्टिक ट्यूबमध्ये पुन्हा फिरवा आणि प्लेटलेट दर मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली आल्याची खात्री करा. उरलेल्या प्लेटलेट गोठवताना फुटतात आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (गोठण्याच्या चाचण्या लांबवणारी प्रतिपिंडं) झाकून टाकतात.

साठवण उणे ७० अंश किंवा त्याखाली. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर नको, त्याचं तापमान सतत वर-खाली होतं. वितळवताना अ‍ॅलिकॉट (वेगळा काढलेला प्लाझ्माचा छोटा भाग) थेट ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, साधारण पाच मिनिटं. टेबलावर सावकाश वितळू दिलं तर फॅक्टर ८, फॉन विलेब्रँड आणि फायब्रिनोजेन साक्याच्या रूपात खाली बसतात. वितळल्यावर हलके मिसळा आणि ते अ‍ॅलिकॉट पुन्हा गोठवू नका.

आकडा बरोबर, चाचणी चुकीची

रुग्ण एमिसिझुमॅबवर (फॅक्टर ८ चं काम करणारं हिमोफिलियाचं औषध) असेल तर एपीटीटीवर आधारलेल्या वन-स्टेज चाचणीत फॅक्टर ८ अवास्तव जास्त येतो, आणि त्याच पद्धतीने केलेल्या बेथेस्डा चाचणीत (इनहिबिटर मोजणारी) इनहिबिटर दडून जातो. इथे गाईच्या रक्तघटकांची क्रोमोजेनिक चाचणीच (रंगाच्या बदलावरून मोजणारी) लागते. औषध बंद करून महिना झाला म्हणून निर्धास्त राहू नका. त्याची हाफ-लाइफच (रक्तातली मात्रा निम्मी व्हायला लागणारा काळ) सुमारे चार आठवड्यांची आहे आणि परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो.

फॉन विलेब्रँड आजाराचं निदान एका नमुन्यावर करू नका. ताप, गरोदरपण, व्यायाम, सुईच्या भीतीने रडणारं मूल, सगळ्यांत फॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी वर जाते. 'ओ' रक्तगटात ती मुळातच सुमारे २५ टक्के कमी असते.

प्रयोगशाळेबाहेरची एक चूक राहिली: रक्तस्रावाची डायरी. आधीच्या रक्तस्रावाचे उपचार थांबल्यापासून ७२ तासांच्या आत तोच सांधा पुन्हा सुजला तर तो नवा रक्तस्राव धरायचा नसतो. डायरीत फक्त तारीख असेल, तर हा हिशेब लागणारच नाही. सांधा, बाजू, सुरू झाल्याची वेळ आणि शेवटचा डोस, असे चार रकाने तरी ठेवा.