गिओनमध्ये जेवायचंय? मग या चुका टाळा

जपानमध्ये क्योटोला जाणारे बहुतेक जण एक संध्याकाळ गिओन या जुन्या वस्तीसाठी राखून ठेवतात. शिराकावाच्या काठाने फिरणं होतं, लाकडी जाळ्यांची जुनी घरं बघून होतात, यासाका देवस्थानात कंदील लागतात. मग साडेआठला पोटात कावळे ओरडू लागतात आणि जेवणाची शोधाशोध सुरू होते. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

गिओन ही खाऊगल्ली नव्हे. इथल्या चांगल्या जागा बऱ्याचदा आठ-दहा खुर्च्यांच्या असतात. कायसेकी म्हणजे ऋतूप्रमाणे ठरवलेले, एकामागून एक येणारे छोटे पदार्थ. त्यासाठीची मासळी आणि भाजी माणसं मोजूनच आणलेली असते. त्यामुळे आत दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी ‘जागा नाही’ असं उत्तर मिळतं, आणि ते खरं असतं. त्यांच्याकडे तुमच्या वाटणीचं जेवणच नसतं.

उपाय सोपा आहे. एक जेवण निघण्यापूर्वीच ठरवून टाका. ऑनलाइन जमत नसेल तर जिथे उतरणार आहात त्या हॉटेलला ईमेल करून त्यांच्याकडून फोन करवून घ्या. आणि शक्य असेल तर रात्रीऐवजी दुपार निवडा. रात्रीच्या कोर्सला माणशी 15,000 येन सहज लागतात, कितीतरी ठिकाणी त्याच्या दुप्पट. त्याच स्वयंपाकघरातलं दुपारचं जेवण पुष्कळदा निम्म्याहून कमी पैशांत होतं. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारच घ्यावी. पण 2 च्या सुमारास शेवटची ऑर्डर घेऊन बरीच दुकानं संध्याकाळपर्यंत बंद होतात, म्हणून साडेअकरालाच दारात हजर राहा. ठरवलेली वेळ ऐनवेळी रद्द केलीत तर पूर्ण पैसे द्यावे लागू शकतात. आपण गेलो नाही तर ते अन्न वाया जातं, त्यामुळे यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

दुसरी चूक म्हणजे दिसेल तो दरवाजा उघडून बघणं. हानामिकोजी रस्त्यावरची पुष्कळशी घरं हॉटेलं नाहीतच, ती ओचाया म्हणजे खाजगी चहाघरं आहेत. तिथे गेइको (क्योटोतल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइको) पाहुण्यांसमोर गातात, नाचतात, आणि जुन्या गिऱ्हाइकाने ओळख करून दिल्याशिवाय नव्या माणसाला प्रवेश नसतो. तिथलं जेवणही सहसा बाहेरच्या केटररकडून येतं. पर्यटकांच्या त्रासामुळे 2024 मध्ये या भागातल्या खाजगी गल्ल्या बाहेरच्यांसाठी बंद केल्या आणि 10,000 येन दंडाच्या पाट्या लागल्या. मोठा रस्ता सार्वजनिक आहे, आत शिरणाऱ्या बोळांपासून लांब राहा. जेवणाची जागा ओळखायची खूण म्हणजे दारावरचा नोरेन हा कापडी पडदा आणि बाहेर लावलेला दरफलक. नोरेन आत घेतलेला असेल तर दुकान बंद.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण सगळ्यात जास्त हाल त्यांचे होतात.

ताटात मासा दिसत नाही म्हणजे जेवण शाकाहारी, हा समज आधी डोक्यातून काढा. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी. हे पाणी बहुधा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचे तलम काप, यांचं असतं. मिसो सूपमध्ये दाशी, उदोन-सोबा या शेवयांच्या रश्शात दाशी, शिजवलेल्या भोपळ्यात दाशी, अंड्याच्या गुंडाळीतही दाशी. सकाळीच पातेलंभर करून ठेवलेली असते, त्यामुळे टेबलावर बसल्यावर ‘मासा काढून द्या’ म्हणून काही उपयोग नाही. सांगायचं ते बुकिंग करतानाच. मोबाइलमध्ये हे वाक्य ठेवा: ‘निकु मो, साकाना मो, कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांस, मासा आणि बोनिटोची दाशीही चालत नाही, असा त्याचा अर्थ.

युदोफूचंच बघा. मातीच्या भांड्यात पाणी, तळाशी कोंबूचा तुकडा, त्यात हलके गरम होणारे टोफूचे चौकोन. इथवर सगळं शाकाहारी. पण सोबत वाटीत येणारा सॉस बहुधा बोनिटोच्या दाशीचा असतो. तो बाजूला ठेवून साधा शोयू, म्हणजे सोया सॉस, मागा. भाज्यांच्या तेम्पुराबरोबरच्या (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या) सॉसचंही तसंच, तिथे मीठ मागावं. मात्र तेल बहुतेक कोळंबीच्याच कढईतलं असतं, हे चालणार का ते आधी ठरवा.

खरोखर निर्धास्त जेवायचं तर शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांचं जेवण. त्यात मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही, म्हणून जैन पद्धतीने खाणाऱ्यांनाही ते जवळचं वाटेल. दाशी कोंबू आणि सुक्या शिताके अळंब्यांची असते. अराशियामाला तेनर्यू-जी मठाच्या आवारात शिगेत्सु हे असं जेवण देणारं ठिकाण आहे. गिओनपासून लांब पडतं आणि बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तरी शाकाहाऱ्यांनी एक दुपार तिथे द्यावीच. गिओनमध्येच राहायचं असेल तर शिजो रस्त्यावरच्या कागिझेन योशिफुसा या मिठाईच्या दुकानात कुझुकिरी खा. कुझू या वेलीच्या मुळांपासून काढलेल्या पिठाच्या काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या बर्फाच्या पाण्यात येतात, त्या काळ्या साखरेच्या पाकात बुडवायच्या.

मासे खाणाऱ्यांची चूक वेगळी. ते क्योटोत ताजी साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, शोधत बसतात. हे शहर समुद्रापासून आत आहे, त्यामुळे त्याची खासियत टिकवलेल्या माशांत आहे. वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावलेले बांगडे डोंगरवाटेने क्योटोत येत, त्यातून साबाझुशी, म्हणजे बांगड्याची सुशी, घडली. 1781 पासून चालू असलेलं इझू हे त्यासाठीचं नावाजलेलं दुकान. वर गुंडाळलेला जाड कोंबू काढून मगच खायची, आणि घरी नेलीत तर फ्रिजमध्ये ठेवायची नाही, भात कडक होतो. मिनामिझा नाट्यगृहाला लागून मात्सुबा हे सोब्याचं दुकान आहे. तिथे सुकवलेल्या हेरिंग माशाला गोडसर शिजवून सोब्याबरोबर द्यायला 1882 मध्ये सुरुवात झाली. वाडग्यात आधी नुसत्या शेवयाच दिसतील. मासा खाली असतो.

बाकी बारीकसारीक: इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, बसल्याबरोबर न मागवलेली छोटी वाटी येते, तिचे काहीशे येन बिलात लागतात, त्यावरून वाद घालू नका. टिप ठेवू नका. रोख जवळ ठेवा. निशिकी बाजारात खात-खात चालू नका, घेतलं त्याच दुकानासमोर उभं राहून संपवा. कामो नदीवरच्या मचाणांवर जेवायची हौस असेल तर मोसम मे महिन्यात सुरू होतो, पण भर उन्हाळ्यात तिथे दुपारचं जेवण सहसा नसतं.

आणि एवढं करूनही जागा मिळाली नाही, तर शिजो पूल ओलांडून कावारामाचीला जा. तिथल्या ताकाशिमाया या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात चांगले बेन्तो (डब्यातलं तयार जेवण) मिळतात, मात्र रात्री 8 च्या आत पोचा. दुपारी घेतलेला बेन्तो कामो नदीच्या काठावर उघडणार असाल तर उघड्यावर न बसता पुलाखाली बसा. वर घारी घिरट्या घालत असतात, आणि हातातला घास त्या मागून येऊन नेतात.