बोअरच्या पाण्यावरील शुल्काची मागणी आली तर सोसायटीने काय करावे?

घोडबंदर रोडवरील अनेक गृहसंकुलांना महापालिकेचे पाणी पुरत नाही, त्यामुळे फ्लशिंग आणि बागेसाठी बोअरचा आधार घ्यावा लागतो. या उपशावर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे शुल्क लागू शकते. मागणीपत्र आले की काही कार्यकारिणी घाबरून पूर्ण रक्कम भरतात, तर काही ते पत्र फाईलला लावून मोकळ्या होतात. दोन्हींत नुकसान सभासदांचेच होते, कारण मागणीतला उपशाचा आकडा तपासलाच जात नाही.

प्रथम मागणी कशाची आहे ते नीट वाचावे. प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्रानुसार होणाऱ्या उपशावर आकारले जाते ते उपसा शुल्क. प्रमाणपत्राविना पाणी उपसल्याबद्दल मागितली जाते ती पर्यावरणीय भरपाई. भरपाई ठरवताना दररोजचा उपसा, दिवसांची संख्या आणि दर यांचा गुणाकार होतो, म्हणून तेथे बोअर नेमकी कधी सुरू झाली हे दाखवणारी कागदपत्रे, म्हणजे खोदाईचे बिल, पंपाची पावती आणि सभेचे इतिवृत्त, फार मोलाची ठरतात.

त्यानंतर दर पाहावा. भूजल उपशाबाबतच्या 24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वैयक्तिक घरगुती वापराला प्रमाणपत्रातून सूट आहे, त्यामुळे वाशीतील रो-हाऊसचा मालक आणि ठाण्यातील सोसायटी यांना एकच नियम लागत नाही. गृहनिर्माण संस्थांना दिवसाला 25 घनमीटरपर्यंत शुल्क नाही, 26 ते 200 घनमीटरच्या टप्प्यात प्रतिघनमीटर 1 रुपया आणि त्यापुढे 2 रुपये असा दर या तत्त्वांत दिला आहे. एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. मागणीच्या काळात लागू असलेल्या दुरुस्त्याही सोबत ठेवून वाचाव्यात.

खरी मेहनत उपशाच्या आकड्यावर घ्यावी. समजा, पंप तासाला 6,000 लिटर पाणी देतो आणि मागणीत तो चोवीस तास चालल्याचे धरले आहे. मग उपसा 144 घनमीटर होतो. प्रत्यक्षात पंप तीनच तास चालत असेल तर तो 18 घनमीटर, म्हणजे शुल्कमुक्त मर्यादेच्या आत येतो. हे सिद्ध करायचे तर फ्लो मीटर बोअरच्या डिलिव्हरी पाइपवरच असला पाहिजे, कारण जमिनीखालच्या टाकीत महापालिकेचे आणि टँकरचे पाणी मिसळल्यानंतर घेतलेले रीडिंग या कामी निरुपयोगी असते. पंप ऑपरेटरने रोज ठरलेल्या वेळी रीडिंग लिहून सही करावी आणि सचिवांनी महिनाअखेरीस ते तपासावे. पंपाला स्वतंत्र वीजमीटर असल्यास महावितरणची बिलेही जोडावीत: तीन अश्वशक्तीचा पंप तीन तासांत साधारण सात युनिट घेतो, चोवीस तासांत पन्नासाहून अधिक, आणि हा फरक बिलात लपत नाही.

उत्तर लेखी द्यावे आणि त्यात मागणीतील उपशाचा आकडा कोणत्या पाहणीवरून काढला, कोणता टप्पा लावला आणि कोणता कालावधी धरला, हे स्पष्ट विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून पाहणी अहवालाची प्रत मागावी. मान्य असलेला भाग हरकत राखून भरावा, म्हणजे सोसायटी पैसे चुकवते आहे असा आक्षेप कोणी घेऊ शकणार नाही. पाणीपुरवठा अपुरा असल्याचे महापालिकेचे पत्र आणि टँकरच्या पावत्या मात्र प्रमाणपत्राच्या अर्जासाठी उपयोगी पडतात. केवळ त्यांच्या बळावर शुल्क माफ होईल, अशी आशा सभासदांना दाखवू नये.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 च्या कलम 5 खाली निर्देश निघाले असतील, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येते आणि आपल्याकडील प्रकरणे पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठापुढे जातात. आदेश कळवल्यापासून 30 दिवसांची मुदत असते; पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यामुळे पत्र वॉचमनच्या टेबलावर पडून न राहता त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढवावे आणि वकिलांकडे जाताना पाकीटही सोबत न्यावे.